धुऱ्यावरचा सुतार : मराठा सुतार पक्ष्याचा प्रदेश आणि त्याचे घरटे



माघ सरून फाल्गुन लागला की वऱ्हाडातील शिवार मोकळे होते. कपाशीची वेचणी संपत आलेली असते, तूर खळ्यावर आलेली असते, आणि धुऱ्यावरच्या बाभळी व निंब तेवढे उन्हात उभे असतात. अशा दुपारी शाळेच्या मागच्या झाडावरून टक्‌ टक्‌ असा कोरडा आवाज येऊ लागतो. वर्गातील एखादा मुलगा मान वर करतो आणि विचारतो, “गुरुजी, तो पक्षी झाड तोडतो म्हणून आमचे बाबा त्याला गोटा मारून हाकलतात. तो खरेच झाड मारतो का?”

हा प्रश्न लहान नाही. त्याच्या उत्तरात पक्ष्याचे घर आहे, झाडाचे आयुष्य आहे आणि शेतकऱ्याचे हितही आहे. म्हणून हा पक्षी कोण, तो कोठे राहतो, आपले घर कसे व केव्हा करतो आणि त्या घराचा पुढे कोणाला उपयोग होतो, याचा विचार प्राथमिक शिक्षकाने एकदा शांतपणे करणे इष्ट होय.

प्रथम ओळखीचा घोटाळा दूर केला पाहिजे. पुष्कळ गावांतून डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेल्या, जमिनीवर चालत लांब वाकड्या चोचीने माती टोचणाऱ्या पक्ष्यास सुतार म्हणतात. तो हुदहुद होय. तो लाकूड कोरीत नाही. आयती पोकळी किंवा भिंतीतील भोक शोधून त्यात अंडी घालतो. दुसरा तांबट. हा हिरवा, आखूड मानेचा, वड-पिंपळ-उंबरांच्या फळांवर जगणारा पक्षी उन्हाळ्यात तासन्‌ तास टुक्‌ टुक्‌ करीत बसतो. तो मऊ लाकडात आपले बीळ स्वतः कोरतो खरा, परंतु सुतारकुळातला नव्हे. खरा सुतार खोडाला उभा चिकटतो, शेपटीचा टेकू देतो आणि झटक्याझटक्याने वर सरकत जातो. ही एक खूण मुलांस नीट समजली, तर बाकीचा घोटाळा आपोआप मिटतो.

वऱ्हाडच्या मोकळ्या शिवारात अशा खऱ्या सुतारांपैकी दोन विशेषेकरून दिसतात. एक सोनपाठी सुतार. तो साळुंकीहून मोठा, पाठ सोनेरी पिवळी, डोक्यावर लाल तुरा आणि हसल्यासारखा कर्कश आवाज, यांमुळे लगेच लक्षात येतो. दुसरा मराठा सुतार. तो बुलबुलाएवढा, सुमारे १८ सेंटिमीटर लांबीचा असून पाठीवर काळपट रंगात पांढरे ठिपके, छातीवर तपकिरी रेघा आणि पोटाच्या मध्यावर लाल डाग अशी त्याची खूण आहे. नराच्या कपाळावर पिवळा व मागे तांबडा रंग असतो. मादीच्या डोक्यास तांबडा रंग नसतो. हा दुसरा पक्षीच आजच्या विवेचनाचा विषय होय.

त्याच्या नावात महाराष्ट्र आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. जॉन लॅथम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने १८०१ साली या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याच्या जातीस ‘महरॅटेन्सिस’, म्हणजे मराठ्यांच्या मुलखातील, असे नाव दिले. इंग्रजी पुस्तकांतून त्याला दीर्घकाळ मराठा सुतार म्हणत. अलीकडे पिवळ्या डोक्याचा सुतार असेही म्हणतात. शास्त्रीय नावात मात्र मराठ्यांचा मुलूख कायम राहिला आहे. गावच्या बाभळीवरील एका लहान पक्ष्याच्या नावात आपल्या प्रदेशाचे नाव गुंफलेले आहे, हे कळले म्हणजे मुलाची त्या पक्ष्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

नाव मराठ्यांचे असले तरी तो केवळ महाराष्ट्रात राहतो असे नाही. हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिण टोकापर्यंत भारताच्या फार मोठ्या भागात, पाकिस्तानच्या काही भागांत, नेपाळ व श्रीलंकेत, तसेच पूर्वेस म्यानमारपासून लाओस, कंबोडिया व व्हिएतनाम यांच्या काही कोरड्या प्रदेशांत तो आढळतो. तो ऋतुमानाप्रमाणे दूरदेशी जाणारा पक्षी नाही. जेथे जन्मतो त्या परिसरातच तो बहुधा राहतो आणि तेथेच पिले वाढवितो. म्हणजे जो त्याचा राहण्याचा प्रदेश, तोच त्याचा विणीचा प्रदेश होय. या विस्तीर्ण प्रदेशातही तो सर्वत्र सारखा नसतो. दाट, ओल्या, सदाहरित अरण्यात तो राहत नाही. जेथे झाडच नाही अशा उजाड वाळवंटातही तो राहत नाही. त्याला विरळ झाडीचा, कोरड्या हवेचा आणि भरपूर उजेडाचा मुलूख लागतो.

या दृष्टीने अमरावती व अकोला या जिल्ह्यांची रचना पाहण्यासारखी आहे. उत्तरेस गाविलगडचे डोंगर. त्यांत चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर वसलेले असून, भोवतीचे मेळघाटचे सागवन १९७४ साली व्याघ्र प्रकल्पाखाली आले. त्या वनात सुतारकुळातील आणखीही काही जाती आहेत. डोंगर उतरून खाली आले की पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा पयनघाट लागतो. येथे वन नाही, परंतु झाडे आहेत : धुऱ्यावरची बाभूळ, नाल्याकाठचा हिवर, पांदणीतील निंब, विहिरीजवळचा आंबा, गावठाणातील चिंच. हीच विरळ झाडी मराठा सुताराचे खरे घर होय. म्हणून त्याला पाहण्यासाठी अभयारण्यात जावे लागत नाही. तो शेतकऱ्याचा शेजारी आहे. आणि म्हणूनच त्याचे बरेवाईट वनखात्यापेक्षा शेतकऱ्याच्या कुऱ्हाडीवर अधिक अवलंबून आहे.

आता त्याची हत्यारे पाहू. त्याच्या पायास चार बोटे असून दोन पुढे व दोन मागे वळलेली असतात. त्यामुळे उभ्या खोडास घट्ट पकड बसते. शेपटीची पिसे ताठ असतात व ती तिसऱ्या पायाप्रमाणे टेकू देतात. चोच सरळ व पटाशीसारखी. जीभ फार लांब असून तिला आधार देणारी हाडे कवटीच्या मागून वर वळसा घेऊन कपाळाकडे येतात. टोकाशी बारीक काटे व चिकट लाळ. भोकात ही जीभ घालून तो मुंग्या, भुंगेऱ्यांच्या अळ्या व सालीखालचे किडे बाहेर ओढतो. क्वचित फळे व फुलांतील मकरंदही तो घेतो.

इतके आघात करूनही त्याचा मेंदू शाबूत कसा राहतो, असे मुले हमखास विचारतात. त्याच्या कवटीत धक्के शोषून घेणारी गादीसारखी रचना असते, असे अनेक पुस्तकांत छापलेले आढळते. परंतु २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सुतारकुळातील तीन जातींच्या टोचण्याच्या क्रियेची अतिवेगवान चित्रे घेऊन मोजमाप करण्यात आले, तेव्हा कवटी धक्का शोषीत नसून हातोड्यासारखी ताठ राहते, असे दिसून आले. गादी असती तर घावाचा जोरच वाया गेला असता. मेंदू सुरक्षित राहतो तो मुख्यतः अगदी लहान व हलका असल्यामुळे. पुस्तकात छापलेलेही पुन्हा तपासून पाहावे लागते, हा धडा या उदाहरणाने मुलांस सहज देता येतो.

त्याच्या घरट्याची गोष्ट यापेक्षाही मनोरंजक आहे. विणीचा काळ साधारणपणे माघ-फाल्गुनापासून वैशाख-ज्येष्ठापर्यंतचा, म्हणजे फेब्रुवारी ते मे-जूनच्या सुमाराचा. या काळात नर-मादी मिळून वाळलेली किंवा आतून कुजू लागलेली फांदी निवडतात. कधी ती माणसाच्या उंचीइतकी खाली असते, कधी त्याच्या चौपट-पाचपट वर. तिरप्या फांदीच्या खालच्या अंगास भोक पाडण्याकडे त्यांचा कल दिसतो. त्यामुळे ऊन व अवकाळी पाऊस सरळ आत येत नाही आणि शत्रूसही प्रवेश अवघड जातो. भोक पक्ष्याचे अंग जेमतेम शिरेल एवढेच असते. ते थोडे आडवे आत जाऊन मग खाली वळते व तळाशी रुंद होते. दोघेही आळीपाळीने कोरतात. झाडाखाली लाकडाचा ताजा भुगा व बारीक चिप्या पडलेल्या दिसल्या, तर वर काम चालू आहे असे समजावे.

आत काडी नाही, कापूस नाही, पीस नाही. तळाशी राहिलेला भुगा हेच अंथरूण. त्यावर मादी बहुधा तीन पांढरी, तकतकीत अंडी घालते. उघड्या घरट्यात अंडी घालणाऱ्या पुष्कळ पक्ष्यांच्या अंड्यांवर ठिपके किंवा रंग असतो, कारण त्यांना शत्रूच्या नजरेपासून लपावयाचे असते. अंधाऱ्या बिळातील अंड्यास लपण्याची गरज नसते. अंडी उबविण्याचे व पिलांस भरविण्याचे काम नर-मादी दोघेही करतात. सुतारकुळात रात्री घरट्यात बसण्याची पाळी सामान्यतः नराची असते. पिले उघडी व आंधळी जन्मतात. ती मोठी होऊ लागली की भोकाच्या तोंडाशी डोके काढून एकसारखी किरकिर करतात, आणि आईबाप चोचीत किडे घेऊन दिवसभर ये-जा करीत राहतात.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. हा पक्षी झाड मारतो काय? मारीत नाही. निरोगी, कठीण लाकडात घर खणणे या लहान पक्ष्यास फार जड जाते. झाडाची फांदी मोडली, कुऱ्हाडीचा घाव बसला किंवा वीज पडली म्हणजे त्या जखमेतून बुरशी आत शिरते आणि मधला गाभा मऊ करते. ही कूज बाहेरून दिसत नाही. सुतार मात्र टोचून पाहतो आणि मऊ पडलेली जागा हेरतो. म्हणजे तो रोग आणीत नाही. आधी झालेला रोग तो दाखवून देतो. शिवाय सालीखालील ज्या अळ्या तो वेचतो, त्या झाडाचेच लाकूड खाणाऱ्या असतात. ज्याला झाडाचा वैरी म्हणून गोटा मारावा, तो वास्तविक झाडाचा पाहुणा नसून राखणदार आहे, हे शेतकऱ्यास समजावून सांगण्याचे काम त्याचाच मुलगा उत्तम करू शकेल. मात्र आधी त्या मुलास कोणी तरी ते दाखविले पाहिजे.

या सुताराचे महत्त्व त्याच्यापुरते संपत नाही. पुढच्या विणीच्या वेळी तो बहुधा नवे घर कोरतो आणि जुने मोकळे राहते. ज्यांना लाकूड कोरता येत नाही, परंतु पोकळीवाचून ज्यांचा संसार होत नाही, असे पक्षी त्या घराची वाटच पाहत असतात. सुतारांनी सोडलेली भोके राघू मोठी करून घेतात. दयाळ, पिंगळा, भांगपाडी मैना हे झाडांच्या लहानमोठ्या पोकळ्यांत पिले वाढवितात. गळ्यावर पिवळा ठिपका असलेली पीतकंठी रानचिमणीही असेच भोक शोधते.

या पीतकंठी चिमणीची एक हकीकत शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने अशी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका पाहून त्याला नवल वाटले. मामांच्या सांगण्यावरून तो ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील मानद चिटणीस मिलर्ड यांनी त्या मुलास हसून वाटेला लावले नाही. चिमणीचे नाव सांगितले आणि संग्रहातील पक्ष्यांचे नमुने उघडून दाखविले. तो मुलगा म्हणजे पुढे विख्यात झालेले पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली (१८९६–१९८७). एका मोठ्या माणसाने एका मुलाच्या प्रश्नास मान दिला, त्याचे हे फळ होय.

झाडाच्या पोकळीचे मोल आणखी एका उदाहरणाने पटेल. रानपिंगळा नावाचे लहान घुबड १८७३ साली शास्त्रास ज्ञात झाले. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक पुरावा मिळेना, आणि ते नष्ट झाले असावे असे अनेकांस वाटू लागले. पुढे १९९७ साली नोव्हेंबर महिन्यात पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना खानदेशात शहाद्याजवळ ते पुन्हा दिसले. नंतर मेळघाटातही त्याची वस्ती आढळली. म्हणजे जगात दुर्मिळ ठरलेला हा पक्षी अमरावती जिल्ह्याचा रहिवासी आहे. तोही झाडाच्या पोकळीतच अंडी घालतो. पोकळीचे जुने झाड गेले की त्याच्यासारख्यांचे घर गेले.

नेमके हेच झाड आज सर्वांत आधी तोडले जाते. हिरव्या झाडाबद्दल थोडीबहुत तरी ममता असते. वाळलेल्या झाडास कोणी वाली नसतो. सरपणासाठी ते सोयीचे, यंत्राने वखरताना ते अडचणीचे, आणि शाळेच्या आवारात उभे असले तर ते शोभेला बाधक. धुरे अरुंद झाले, बाभळी गेल्या, पांदणी मोकळ्या झाल्या. नवी रोपे लावली जातात ही चांगली गोष्ट आहे. परंतु मनगटाएवढ्या रोपात सुतारास घर करता येत नाही. त्याला जून, जाड, थोडे कुजलेले लाकूड हवे, आणि ते तयार होण्यास एक पिढी लागते.

असा अनुभव इतर देशांतही आला आहे. भूगोलाच्या पुस्तकात उत्तर अमेरिकेतील प्रेअरी या गवताळ प्रदेशाचे वर्णन येते. त्या प्रदेशाच्या विरळ झाडीत लाल डोक्याचा एक सुतार राहतो व वाळलेल्या झाडांत घरटे करतो. तेथे १९६६ पासून दरवर्षी विणीच्या पक्ष्यांची गणना करण्याची प्रथा आहे. त्या गणनेत या सुताराची संख्या बरीच घटत गेल्याचे आढळले. वाळलेली झाडे काढून टाकणे हे त्यामागील एक कारण मानले जाते. मराठा सुतार आज दुर्मिळ नाही, हे आपले भाग्य. परंतु सामान्य पक्षी सामान्य आहे तोवरच त्याची काळजी घेणे सोपे असते.

येथे एक अडचण आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वाळलेली फांदी मुलांच्या डोक्यावर पडू शकते. जेथे मुले खेळतात, प्रार्थनेस उभी राहतात किंवा पाणी पितात, तेथील धोक्याची फांदी काढलीच पाहिजे. मुलाच्या जिवापेक्षा कोणतेही घरटे मोठे नाही. तथापि काढण्याची रीत विचाराने ठरविता येईल. विणीच्या महिन्यांत ती काढू नये. पावसाळा संपल्यावर, माघापूर्वी काढावी. काढण्यापूर्वी फांदीवर भोक आहे काय व त्यात कोणी राहते काय, हे दोन दिवस पाहावे. पूर्ण झाड तोडण्याऐवजी वरच्या फांद्या उतरवून आठ-दहा फुटांचे भक्कम खोड राखता येत असेल तर राखावे. कुंपणाच्या कोपऱ्यातील, कोणाच्याही वाटेत न येणारे वाळके झाड तर तसेच उभे राहू द्यावे. एवढ्याने शाळेची शोभा कमी होत नाही.

हा विषय शिकविण्यास वेगळे साहित्य लागत नाही. विणीचा आरंभ फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे शाळा भरत असतानाच होतो, ही सोयीची गोष्ट आहे. वरच्या वर्गातील मुलांची लहान टोळी करून तिच्याकडे एक वही द्यावी. वहीत पाच रकाने असावेत : तारीख व वेळ, झाडाचे नाव, फांदी हिरवी की वाळकी, भोकाची जमिनीपासूनची अंदाजे उंची व तोंडाची दिशा, आणि आत-बाहेर करणारा पक्षी नर की मादी. अर्ध्या तासात पक्षी किती वेळा आला हे मोजले की गणिताचाही तास होतो. गावाच्या नकाशावर अशी झाडे दाखविली की भूगोलाचाही होतो. मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ शाळेच्या ग्रंथालयात असल्यास मराठी नावांसाठी तो चाळावा. भोवतीच्या कोरकू वा अन्य जाणत्या वृद्धांकडून गावात चालणारी नावे मिळतात, तीही वहीत लिहून घ्यावीत.

पाहणीचे नियम मात्र कडक असावेत. झाडापासून पंधरा-वीस पावले दूर राहावे. भोकात काडी किंवा हात घालू नये. त्यात साप असण्याचाही संभव असतो. पक्षी फांदीजवळ येऊन परत फिरू लागला, तर आपण फार जवळ गेलो आहोत असे समजून मागे सरावे. अंडी वा पिले काढणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग तर आहेच. पण कायद्याचा धाक घालण्यापूर्वी त्या बिळात तीन जीव अंधारात आईबापांची वाट पाहत आहेत, एवढे मुलांस सांगितले तरी बहुधा पुरते.

अशा पाहणीतून दरवर्षी एक वही तयार होईल. पाच वर्षांत पाच वह्या होतील, आणि गावातील कोणते झाड राहिले, कोणते गेले, कोणत्या बाभळीवर सुतार पुन्हा आला, याचा विश्वसनीय इतिहास शाळेच्या कपाटात जमेल. शिक्षकाची बदली होते, मुले मोठी होऊन जातात; वही राहते आणि नव्या शिक्षकास तेथून पुढे चालता येते.

फाल्गुनातील एखाद्या दुपारी पुन्हा टक्‌ टक्‌ ऐकू येईल आणि कोणी मुलगा पुन्हा विचारील, “गुरुजी, तो झाड मारतो का?” त्या वेळी उत्तर तोंडी देऊन थांबू नये. वर्ग पाच मिनिटे बाहेर न्यावा, झाडाखालचा भुगा मुलांच्या तळहातावर ठेवावा आणि लाकूड किती मऊ आहे ते त्यांनाच चिमटीत दाबून पाहू द्यावे. घरी गेल्यावर वडिलांना काय सांगावयाचे, ते मुलास मग शिकवावे लागणार नाही.